अकरावीला कुठे टाकायचं, हे ठरवण्याआधीची तयारी

माझा धाकटा यंदा दहावीत आहे. भाऊबीजेला घरी आलेल्या प्रत्येकाने एकच विचारलं, "मग, याला अकरावीला कुठे टाकणार?" थोरलीच्या वेळी या प्रश्नाचं उत्तर मी आठ दिवसांत देऊन टाकलं होतं. बारावीपर्यंत वर्ग असलेली, घरापासून पंधरा मिनिटांवरची सीबीएसईची शाळा सोडून तिला एका इंटिग्रेटेड कॉलेजात, म्हणजे कॉलेज आणि क्लास एकत्रच चालतं तिथे, नेलं, कारण तिच्या वर्गातल्या चौघी तिकडे चालल्या होत्या. पोरगी तरून गेली, आज इंजिनीअरिंगला आहे. पण त्या दोन वर्षांत तिने जे सोसलं, त्यातलं बरंचसं मी आधी चौकशी केली असती तर टळलं असतं. म्हणून या वेळी वही घेऊन बसले आहे. नागपुरात ज्या घरांत सध्या हाच विषय रोज रात्री जेवताना निघतो, त्यांच्यासाठी ती वही इथे उघडते.

पहिल्या पानावर परीक्षेचं नाव लिहा. एकच. "जेईई, नीट, सीईटी, सगळंच बघू" असं लिहिलंत तर पुढचं एकही पान नीट भरता येणार नाही, कारण प्रत्येक परीक्षेला मुलाकडून वेगळं हवं असतं. वैद्यकीयच्या नीटमध्ये 180 प्रश्न, 720 गुण, आणि त्यातले निम्मे जीवशास्त्राचे. तिथे एनसीईआरटीचं पुस्तक ओळ न ओळ पाठ लागतं. राज्याच्या इंजिनीअरिंगच्या सीईटीत 150 प्रश्नांना 200 गुण, गणिताच्या प्रश्नाला दोन, चुकलं तर वजा काही नाही, आणि अकरावीचा भाग 20 टक्क्यांच्या आसपास. एनआयटी-आयआयटीकडे नेणाऱ्या जेईई मेनमध्ये 75 प्रश्नांना 300 गुण, चुकीला वजा, आणि जानेवारी व एप्रिल अशा दोन संधी. आता बघा, नीट देणारं मूल आधीच सीबीएसईत असेल तर त्याच्या हातात रोज एनसीईआरटीच आहे. फक्त नावासाठी त्याला तिथून उचलण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही. सीईटीच लक्ष्य असेल तर राज्य मंडळाचं साधं, नियमित चालणारं कनिष्ठ महाविद्यालय आणि जोडीला एक बरा क्लास पुरतो. बदलाचा विचार खरा करावा लागतो तो जेईईसाठी, किंवा सध्याच्या शाळेत अकरावी-बारावीचे वर्गच नसतील तेव्हा.

दुसऱ्या पानावर कारण. आमच्याकडे तिघांनी वेगवेगळ्या चिठ्ठ्या लिहिल्या, एकमेकांना न दाखवता. मी लिहिलं, "शाळेत वेळ वाया जातो." याच्या बाबांनी लिहिलं, "सगळे हुशार मुलं तिकडेच जातात." आणि मुलाने लिहिलं, "गणिताच्या सरांना परत विचारलं की ते चिडतात, म्हणून मी विचारत नाही." ती चिठ्ठी वाचून मी बराच वेळ गप्प होते. त्याचा त्रास एका शिक्षकापुरता होता आणि आम्ही अख्खी शाळा बदलायला निघालो होतो. आता शनिवारी तो गल्लीतल्या एका निवृत्त शिक्षकांकडे गणित घेऊन जातो आणि त्याचं विचारणं परत सुरू झालं आहे. तुमच्या घरातल्या चिठ्ठ्या वेगळ्या निघतील, पण त्या लिहून घ्या. तोंडी विचारलं तर मुलं आपल्याला हवं तेच बोलतात.

मग मुलाचा आताचा दिवस दोन आठवडे तासातासाने टिपायचा: झोप, प्रवास, शाळा, ट्युशन, स्वतः बसून केलेला अभ्यास, खेळ, मोबाइल. खरं लिहायचं, मुलाला रागवायचं नाही. त्यातला "स्वतः बसून" हा आकडा लाल पेनाने लिहा. माझी थोरली शाळेत असताना रोज साडेतीन तास स्वतः बसायची. इंटिग्रेटेडमध्ये गेल्यावर सकाळी साडेसहाला घर सोडायची आणि संध्याकाळी सहाला परतायची. दिवसभर शिकवणं, पण स्वतः सोडवायला उरायचा जेमतेम तासभर, तोही पेंगत. मॉड्युलं, म्हणजे क्लासचे सरावसंच, कोरी राहायची. शिकवण्याचे तास वाढले म्हणजे अभ्यास वाढला, असं मी धरून चालले होते. नव्या ठिकाणाचं वेळापत्रक हातात घेऊन हाच तक्ता तिथला भरा आणि लाल आकडा किती होतो ते बघा. तो कमी होत असेल तर पुढचं पान उलटण्याआधी थांबा.

प्रवास कागदावर मोजू नका, करून बघा. तोसुद्धा रविवारी नाही. कामाच्या दिवशी, त्याच वेळी, मुलाला सोबत घेऊन. हिंगणा रोडला राहणाऱ्यांना लोकमान्य नगरहून मेट्रोची अ‍ॅक्वा लाइन आहे, सीताबर्डीला बदलून वर्धा रोडकडे जाता येतं, ते सोपं. बेसा-मानेवाडाकडच्यांनी मात्र घरापासून स्टेशनपर्यंतचे आणि स्टेशनपासून कॉलेजपर्यंतचे दोन्ही तुकडे धरावेत. "गाडीने जाईल" हे उत्तर मी धरतच नाही. अठरा वर्षांच्या आत परवाना मिळतो तो 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीचा, आणि आपल्या घरोघरी असलेली मोपेड त्याच्या दुप्पट सीसीची असते. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि दंडाचं सोडा, रात्री नऊला शंकर नगर चौकात क्लास सुटल्यावर पोरंपोरी कशा गाड्या काढतात ते एकदा उभं राहून बघा. एप्रिल-मेच्या दुपारच्या बॅचचंही विचारून ठेवा. पारा 45 च्या वर असताना दीड वाजता घराबाहेर काढायचं का, हे आपण ठरवायचं असतं.

आता प्रयोगशाळा. या पानावर मी जास्त लिहिणार आहे, कारण आम्ही इथेच फसलो. भेटीच्या दिवशी आम्हाला एसी वर्ग दाखवले, डिजिटल बोर्ड दाखवले, टॉपरांचे फोटो दाखवले. लॅब विचारली तर "चावी आज सरांकडे आहे" म्हणाले. मी मान डोलावली. बारावीच्या दिवाळीनंतर पोरगी एकदा सहज म्हणाली, "आई, आमची केमिस्ट्रीची लॅब अजून एकदाही उघडली नाही गं." जर्नल सगळ्यांनी एका झेरॉक्सवरून उतरवलं होतं. रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला 30 गुण, भौतिकशास्त्रालाही 30. जानेवारीत ओळखीच्या एका शिक्षिकेने तिला आठ संध्याकाळी आपल्या कॉलेजच्या लॅबमध्ये उभं केलं. पहिल्या दिवशी तिला ब्युरेटची, म्हणजे द्रावण मोजून सोडायच्या काचेच्या नळीची, तोटी डाव्या हाताने कशी धरायची हेही माहीत नव्हतं. पोटॅशियम परमँगनेटचं द्रावण इतकं गडद जांभळं असतं की त्याचं रीडिंग द्रवाच्या वरच्या कडेवर घ्यायचं, खालच्या नाही, हे तिने तिथे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. फ्लास्कमध्ये फिकट गुलाबी रंग आला आणि टिकला, तेव्हा ती हसली. दोन वर्षांत केमिस्ट्रीमुळे तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. म्हणून सांगते, भेटीला जाल तेव्हा लॅब उघडून घ्या. बाटल्यांवरची धूळ बघा, बेसिनचा नळ सोडून बघा, बारावीच्या एखाद्या मुलाला विचारा की शेवटचं प्रॅक्टिकल कधी झालं. चावी नसेल तर दुसऱ्या दिवशी परत जा.

बोर्डाच्या गुणांचं काय, असं विचारलं की बरेच जण म्हणतात, "त्याला आता कोण विचारतं?" एनआयटी आणि आयआयटी विचारतात. तिथे प्रवेशाला बारावीत 75 टक्के लागतात, नाहीतर आपापल्या मंडळाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे वरच्या वीस टक्के मुलांत, असावं लागतं. अनुसूचित जाती-जमातींसाठी अट 65 टक्क्यांची आहे. माझ्या मुलीला पूर्वपरीक्षेत 64 टक्के होते. ते तीन महिने मी कसे काढले ते मलाच माहीत.

याच्याच जोडीला "डमी". नाव एका कॉलेजात, मूल दिवसभर क्लासमध्ये. सीबीएसईत 75 टक्के हजेरी सक्तीची आहे, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये मंडळाने याच कारणावरून दिल्ली आणि राजस्थानातल्या 21 शाळांची मान्यता काढून घेतली. त्या शाळांत नाव असलेल्या मुलांच्या आईबापांचा विचार करा. "हजेरीचं आम्ही बघून घेऊ" हे वाक्य कानावर पडलं की मी तरी उठून यायला सांगेन.

कागदांचं पान पैसे भरण्याआधी भरायचं. गाव सोडून राजस्थानातल्या कोटा शहरात क्लासला पाठवायचा विचार असेल तर हे नीट वाचा. एनआयटीत निम्म्या जागा त्या राज्याच्या मुलांना असतात, आणि राज्य ठरतं ते बारावी कुठून केली यावरून, घर कुठे आहे यावरून नाही. आपल्या नागपूरच्या एनआयटीच्या, व्हीएनआयटीच्या, म्हणजे जुनी माणसं अजून जिला व्हीआरसीई म्हणतात तिच्या, त्या निम्म्या जागांवरचा हक्क राजस्थानातून बारावी केली की जातो. वैद्यकीयसाठी तर आणखी जपा: राज्याच्या 85 टक्के कोट्यासाठी महाराष्ट्राचं डोमिसाईल, म्हणजे रहिवासाचा दाखला, लागतं आणि साधारणपणे दहावी-बारावीही इथूनच झालेली लागते. नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी वैद्यकीय कॉलेजांच्या जागा त्यातच येतात. मिहानमधलं एम्स घराजवळ असलं तरी तिथे स्थानिक कोटा नाही, सगळ्या जागा देशपातळीवरच्या.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचं नाव, आधारवरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव अक्षर न अक्षर जुळवून बघा. चूक असेल तर जुन्या शाळेत असतानाच दुरुस्त होते, नंतर खेटे पडतात. राखीव प्रवर्गातल्यांनी जातपडताळणीचा अर्ज अकरावीतच टाकावा. त्याला कॉलेजचं पत्र लागतं, म्हणून भेटीत कॉलेजच्या बाबूंना भेटा, ते रोज येतात का ते बघा. डोमिसाईल आणि नॉन-क्रिमिलेअरसाठी सेतू केंद्रात जून-जुलैत रांगा लागतात, त्याआधी जा.

अकरावीचा प्रवेश आता 2025-26 पासून राज्यभर ऑनलाइन झाला आहे. नागपूरला तो आधीपासूनच होता. क्लासवाल्याने कितीही "सीट पक्की" म्हटलं तरी त्या टायअप कॉलेजचं, म्हणजे क्लासशी जोडलेल्या कॉलेजचं, नाव पसंतीक्रमात आपल्यालाच भरावं लागतं. लॉगिन आणि पासवर्ड कुणालाही देऊ नका, स्वतः भरा. बायफोकल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-कॉम्प्युटरसारखा व्यावसायिक विषय, घ्यायचं असेल तर आधी ठरवा: ते 200 गुणांचं असतं, त्यासाठी दुसरी भाषा आणि एक विषय सोडावा लागतो, म्हणजे गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवायचं असेल तर बायफोकल जमत नाही. आणि बदल करायचाच तर तो अकरावीच्या उंबरठ्यावर करा. सीबीएसईत नववीतून दहावीत किंवा अकरावीतून बारावीत जाताना शाळा बदलायला पालकांची बदली किंवा आजारपणासारखं कारण आणि त्याचे कागद लागतात.

पैशांचं थोडक्यात. बॅचेस एप्रिलमध्ये सुरू होतात, कॉलेज उघडतं आपल्याकडे उन्हाळ्यामुळे जूनअखेरीस किंवा त्याच्याही नंतर, आणि मधल्या दोन महिन्यांत "आज भरलं तर सवलत" म्हणून फोन येत राहतात. सवलत मुलाच्या निर्णयापेक्षा मोठी नसते. पावतीवर क्लासची फी आणि कॉलेजची फी वेगळी लिहून घ्या. केंद्राच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत मूल मध्येच सोडून गेलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी असं म्हटलं आहे. ते कागदावर लिहून द्यायला सांगा, चेहरा बघा. आठवडी सुट्टी आणि दिवसाला पाच तासांहून जास्त शिकवणी नको, हेही त्याच सूचनांत आहे.

दाखला काढण्याआधी जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांना एकदा भेटा आणि विचारा, "दिवाळीपर्यंत जमलं नाही तर परत घ्याल का?" बहुतेक ठिकाणी उत्तर नाही असंच येईल, पण ते ऐकून मग सही करा. थोरलीच्या वेळी मी विचारलंच नव्हतं. ऑगस्टमध्ये ती एका रात्री माझ्या अंथरुणाशी येऊन बसली आणि म्हणाली, "मला परत जायचंय." तोपर्यंत तिची जागा भरली होती. त्या रात्री तिच्या केसांतून हात फिरवण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं.

धाकट्याच्या वहीत आजच्या घडीला परीक्षेचं नाव आहे, तीन चिठ्ठ्या चिकटवलेल्या आहेत आणि लाल आकडा दोन तास चाळीस मिनिटं आहे. दोन कॉलेजं आणि त्याची स्वतःची शाळा, असे तीन पर्याय उरलेत. येत्या गुरुवारी मी अर्धी रजा टाकली आहे. सकाळी सहा चाळीसला आम्ही दोघं घरून निघणार, मेट्रोने पहिल्या कॉलेजला जाणार, आणि लॅबच्या नळाला पाणी येतं का ते तो स्वतः बघणार.