सोलापुरात नवीन आलात आणि घरात तान्हं बाळ आहे, तर आधी एवढं करा

मी मूळची रत्नागिरीकडची. २०१२ च्या मार्चमध्ये यांची बदली सोलापूरला झाली तेव्हा आमचा थोरला सात महिन्यांचा होता, सासर लांब, माहेर लांब, इथे ओळखीचं कुणी नाही आणि वर उन्हाळा तोंडावर आलेला. त्याला आता बरीच वर्षं झाली, धाकटी तर इथेच जन्मली. आमच्या कॉलनीत दरवर्षी दोन-चार घरं नवीन येतात, कुणी बँकेतलं, कुणी रेल्वेतलं, कुणी एनटीपीसीला लागलेलं, आणि कडेवर बाळ असलेल्या प्रत्येक आईचा पहिला प्रश्न एकच असतो, ताई इथे लहान मुलांचे डॉक्टर कोण चांगले? मी डॉक्टरचं नंतर सांगते, आधी विचारते बाळाचं कार्ड कुठाय. बहुतेक वेळा ते माहेरी राहिलेलं असतं नाहीतर अजून न उघडलेल्या खोक्यात असतं.

ते माता-बाल संरक्षण कार्ड आधी शोधा. माहेरी असेल तर आजच कुणाला तरी सांगून सगळ्या पानांचे फोटो मागवा, नुसतं लसींचं पान नाही, वजनाचा तक्ता असलेलं पानसुद्धा. हल्ली यू-विनवर, म्हणजे सरकारच्या लसनोंदणीच्या पोर्टलवर, नोंद झालेली असेल तर मोबाइल नंबरवरून लसींची माहिती निघते आणि पुढची लस दुसऱ्या गावात घेता येते, पण वजनाची रेघ कागदावरच बघायला मिळते आणि माझ्या मते खरी किंमत त्या रेघेलाच आहे. हे मी अनुभवावरून सांगतेय.

थोरल्याला इथे आल्यावर दोनदा सर्दी झाली, दोन्ही वेळा मी त्याला एका दवाखान्यात नेलं, औषध मिळालं, बरं वाटलं, पण दोन्ही वेळा त्याला वजनकाट्यावर कुणी ठेवलं नाही आणि मीही विचारलं नाही. एप्रिल-मेचं ऊन बघून मी घाबरले होते. शेजारच्या मावशी प्रेमानं सांगायच्या, "पाणी पाजवा की वो लेकराला, ऊन किती हाय बघा," मग मी दिवसभर वाटी-चमच्यानं पाणी, डाळीचं पाणी, भाताची पेज असं सगळं पातळच देत राहिले. नवव्या महिन्याची गोवराची लस सामान लावण्याच्या गडबडीत लांबली, दहावा महिना लागल्यावर महापालिकेच्या आरोग्य केंद्रात गेले, तिथल्या सिस्टरनी सुई द्यायच्या आधी त्याचे कपडे काढून वजन केलं, कार्डावर ठिपका दिला आणि मला दाखवलं. सातव्या महिन्यात ७.६ किलो होता आणि आता ७.८. आकडा तक्त्यावर अजून बऱ्या भागातच होता, नुसता आकडा बघितला असता तर कुणीही म्हणालं असतं ठीक आहे, पण वर चढत आलेली रेघ तिथे आडवी झाली होती. सिस्टरनी विचारलं काय काय खातोय, मी सांगितलं, त्या म्हणाल्या पोट पाण्यानंच भरतंय त्याचं. चमचा तिरका केला तर ओघळून जाऊ नये इतकं घट्ट द्या, त्यात चमचाभर तूप किंवा तेल घाला, शेंगदाण्याचं बारीक कूट घाला, आणि आधी जेवण मग पाणी. वर्षाचा झाला तेव्हा ८.९ किलो भरला. त्या दिवशी लस घ्यायला गेले नसते तर मला हे कधी कळलं असतं कोण जाणे, कारण पोरगा हसत-खेळत होता, आजारी मुळीच दिसत नव्हता.

म्हणून सांगते, आजारी पडल्यावरची फेरी वेगळी आणि बाळ चांगलं असतानाची फेरी वेगळी. आणि सुई टोचून आणली म्हणजे तपासणी झाली असं समजू नका.

आता कुठे जायचं. सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, वैशंपायन मेडिकल कॉलेजला जोडलेलं आहे, तिथे लसीकरण मोफत होतं. पण नेहमीच्या लसींसाठी तेवढ्या गर्दीत जायची गरज नाही, आपल्या भागातलं महापालिकेचं नागरी आरोग्य केंद्र बघा, तीच लस तिथेही फुकट मिळते. रेल्वेत असाल तर रेल्वेचं हॉस्पिटल आहेच. खासगी बालरोगतज्ज्ञ रेल्वे लाइन, सात रस्ता, जुळे सोलापूर, होटगी रोड सगळीकडे आहेत. जाण्याआधी आशाताईंचा नंबर मिळवा, आणि तो मिळवायचा सोपा मार्ग म्हणजे जवळची अंगणवाडी. अंगणवाडी आपल्यासाठी नाही असं पगारदार घरांतले लोक समजतात ते चूक आहे, तिथे दर महिन्याला वजन होतं, नोंद होते, आणि शाळा-अंगणवाड्यांतून मुलं तपासणारं सरकारी डॉक्टरांचं पथकही तिथे येतं. बाळ अगदीच तान्हं असेल तर आशाताई बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी घरी येऊन बघतात, पण तुम्ही नवीन आहात हे त्यांना कळलं तरच ना.

केंद्रात कधीकधी "आज नको, अमक्या वारी या" असं सांगतात, त्यावर चिडू नका. बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, आणि गोवर-रुबेलाची कुपी एकदा कालवली की ४ तासांत वापरावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते, म्हणून बरेचदा ठरलेल्या दिवशी मुलं एकत्र बोलावतात. दिवस विचारून घ्या आणि सकाळीच जा. मे महिन्यात इथे पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, दुपारी बाळाला घेऊन रिक्षानं फिरणं म्हणजे हाल.

फेऱ्यांचं म्हणाल तर जन्मल्यावर बीसीजी, पोलिओचे थेंब आणि २४ तासांच्या आत काविळीची लस, मग दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने. या तीन वेळा पेंटाव्हॅलंट (पाच रोगांची एकच सुई), पोलिओ, रोटाव्हायरस (जुलाबाची लस) असतं, दीड आणि साडेतीनला न्यूमोनियाची पीसीव्हीपण असते जी खासगीत हजारांत जाते आणि इथे फुकट आहे. मग नऊ महिन्यांना गोवर-रुबेला, पीसीव्हीचा शेवटचा डोस, पोलिओची सुई आणि जीवनसत्त्व अ चा पहिला डोस. त्यानंतर १६ ते २४ महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि बूस्टर, आणि जीवनसत्त्व अ पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, हा पुढचा भाग बहुतेक घरं विसरतात. टायफॉइड, कांजिण्या, फ्लू, हिपॅटायटिस ए या लसी सरकारी यादीत नाहीत, गालगुंडाचीही नाही, त्या घ्यायच्या असतील तर खासगीत डॉक्टरांशी बोलून ठरवा. बदलीच्या गडबडीत एखादा डोस चुकला असेल तर सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही, राहिलं तिथून पुढे चालू होतं, त्यामुळे ओशाळून घरी बसू नका, उशीर झालाय म्हणून सिस्टर बोलल्या तर बोलू देत. पण रोटाव्हायरस, बीसीजी यांसारख्या काही लसी वर्षाच्या आतच सुरू व्हाव्या लागतात. बीसीजीनं डाव्या दंडावर काही आठवड्यांनी फोड येतो, पिकल्यासारखा दिसतो, त्याला दाबू नका, हळद-बिळद लावू नका, आपोआप सुकतो.

सहाव्या महिन्यात सरकारी यादीत सुई नसते म्हणून कुणी जातच नाही, आणि माझ्या मते तीच फेरी सगळ्यात जास्त कामाची आहे, कारण वरचं खाणं तेव्हा सुरू होतं. वजन बघून घ्या, लोहाचं औषध कधीपासून आणि किती ते विचारा, पहिल्या वर्षात रोज ड जीवनसत्त्वाचे थेंब द्यायचे असतात ते चालू आहेत का बघा. इथे एवढं ऊन असूनही ते लागतात, कारण तान्ह्या बाळाला आपण उन्हात ठेवत नाही.

तपासणीला गेल्यावर वजन, लांबी आणि डोक्याचा घेर, तीनही मोजून कार्डावर लिहून मागा. लांबी झोपवून मोजतात. ढोबळ हिशेब असा की जन्माचं वजन पाचव्या महिन्याच्या आसपास दुप्पट, वर्षाला तिप्पट. मान धरली का, पालथं पडतंय का, आधाराशिवाय बसतंय का, हाक मारली की वळतंय का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तर तुम्ही सांगा. पाचव्या महिन्यापर्यंत मान धरली नाही, नऊ-दहा महिन्यांना बसत नाही, दीड वर्षाला चालत नाही किंवा एकही अर्थाचा शब्द नाही, तर "आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात" असं म्हणून थांबू नका. जन्मल्यावर कानांची तपासणी झाली होती का तेही कागदात बघा. नसेल झाली तर लगेच करून घ्या, झोपलेल्या बाळाच्या कानात लहानसं यंत्र ठेवून काही मिनिटांत होते, दुखत नाही.

बोलण्यावरून एक सोलापूरची खास गोष्ट. इथे पूर्व भागात तेलुगू, बऱ्याच घरांत कन्नड, बाजारात हिंदी, आपल्या घरात मराठी. आमच्या धाकटीला सांभाळणाऱ्या अक्का तिच्याशी तेलुगूच बोलायच्या. नवीन आलेल्या आया घाबरतात की एवढ्या भाषांनी मूल गोंधळेल आणि बोलायला उशीर होईल. तसं होत नाही. दोन-तीन भाषा कानावर पडल्या म्हणून मूल मागे पडत नाही, सगळ्या भाषांतले शब्द मिळून मोजायचे. धाकटी पाण्याला नीळ्ळू म्हणायची आणि दुधाला दुदू, डॉक्टरांनी दोन्ही शब्द धरले. म्हणून उशीर होत असेल तर भाषांवर खापर फोडून वाट बघू नका, तपासून घ्या.

पाण्याचं आता नीट सांगते, कारण मी चुकले तिथेच. सहा महिन्यांपर्यंत बाळाला पाणी नको, सोलापूरच्या मेमध्येसुद्धा नको. अंगावरच्या दुधात बराचसा भाग पाणीच असतं, तहान लागली तर जास्त वेळा पाजा आणि आईनं पाणी प्यावं. लघवी दिवसातून सहा-सात वेळा होतेय ना, मग पुरतंय. सहा महिन्यांनंतर उकळून गार केलेलं, जेवणाबरोबर थोडं थोडं. इथे नळाला रोज पाणी येत नाही, चार-चार दिवसांचं साठवावं लागतं, हे नवीन माणसाला पचायला वेळ लागतो. पिण्याचं भांडं झाकून, वगराळ्यानं घ्यायचं, हात बुडवायचा नाही, आणि बॅरलवर घट्ट झाकण, नाहीतर डेंग्यूचे डास. जुलाब लागलेच तर ओआरएसचं मोठं पाकीट १ लिटर पाण्यात पूर्ण एकदम कालवायचं, अर्धं-अर्धं नाही, आणि झिंकची गोळी १४ दिवस, जुलाब थांबले तरी.

सुईनंतर केंद्रात अर्धा तास थांबा. पेंटाच्या रात्री ताप येतो, तो एक-दोन दिवसांत जातो. पॅरासिटामॉल वजनावर देतात, आणि हे फार महत्त्वाचं आहे, थेंबांची छोटी बाटली आणि सिरपची मोठी बाटली यांची ताकद एक नसते. थेंबांत बहुधा १ मिलीला १०० मिलिग्रॅम, साध्या सिरपात ५ मिलीला १२५, म्हणजे थेंबांचं औषध चौपट कडक. किती मिली ते डॉक्टरांकडून बाटलीच्या नावासकट लिहून घ्या.

घुटी, काजळ, मध यावर शेजारी सांगतील, मायेनंच सांगतात, त्यांना तोडून बोलू नका, पण वर्षाच्या आत मध अजिबात नको आणि डोळ्यात काजळ नको. शेंगाचटणीच्या गावात आलोय तर शेंगदाण्याचं कूट खुशाल घाला, पण अख्खा दाणा चार-पाच वर्षांपर्यंत हातात देऊ नका, श्वासनळीत अडकतो. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेत हे जास्त सांभाळा, तिथे कुणीही प्रेमानं मुठीत शेंगा देतं.

आणि कार्ड मिळालं की मागच्या कोऱ्या जागेत आशाताईंचा आणि केंद्राचा नंबर, आणि पुढच्या फेरीची तारीख पेननं लिहा. आमच्या धाकटीचं कार्ड कपाटात रेशन कार्डाच्या पाकिटात आहे, पाच वर्षांच्या बूस्टरपर्यंतच्या सगळ्या तारखा त्यावर आहेत. बघायचं असेल तर संध्याकाळी सहानंतर कधीही या, बाळालाही घेऊन या.