सह्याद्रीत वाट चुकलात, तर खायचं काय?

पावसाळा लागला की शनिवारी रात्रीच्या कसारा आणि कर्जत लोकल ट्रेकला निघालेल्या पोरांनी भरतात. धुक्यात एखादा ग्रुप वाट चुकतोच. अशा वेळी काय करावं, ते सांगतो.

आधी थांबा. रेंज असेल तर 112 ला फोन लावा. खायला शोधत वणवण करू नका. धडधाकट माणूस अन्नावाचून काही आठवडे तग धरतो, पाण्यावाचून तीन दिवसही कठीण. म्हणून आधी आडोसा, मग पाणी, खाणं शेवटी. सॅकमधला खाऊ एकत्र करून पुरवून खा. पाणी संपलं असेल तर खाणंही टाळा, कारण अन्न पचायला पाणी लागतं.

मग ऋतू बघा. एप्रिल-मेमध्ये करवंदं, जांभळं, तोरणं मिळतात. थंडीत बोरं आणि आवळे. भर पावसात मात्र सगळं हिरवंगार असूनही कच्चं खाण्याजोगं फार थोडं असतं. शेवळं ही पावसाळी रानभाजी कच्ची खाल्लीत तर घसा भयंकर खाजतो, घरीसुद्धा ती चिंच नाहीतर काकडं (एका रानझाडाची आंबट फळं) घालूनच शिजवतात. ओढ्यातले खेकडे कच्चे खाल्ले तर फुप्फुसात कृमी होऊ शकतात. विस्तव पेटत नसेल तर ते सोडून द्या. रानातल्या अळंब्यांना हात लावू नका.

‘पांढरा चीक दिसला की विषारी’ असा नियम बरेच जण सांगतात. पण करवंदाला चीक असतो आणि पिवळ्या कण्हेरीलाही. एक आपण आवडीने खातो, दुसरी जीव घेते. वानर खातं ते चालतं, हेही खोटं. त्याचं पोट आपल्यासारखं नाही. चाखून बघणं तर सगळ्यांत वाईट. कळलावीचा कंद रताळं समजून खाल्ला, तर त्रास काही तासांनी सुरू होतो, आणि तोवर विष अंगात भिनलेलं असतं. झाड नक्की ओळखत असाल तरच खा, नाहीतर उपाशी राहा.

ही ओळख मुंबईतच करून घेता येते. जून-जुलैमध्ये दादर-बोरिवलीच्या बाजारात आदिवासी मावश्या टाकळा, कुरडू, फोडशी घेऊन बसतात. दर खेपेला एकच नवी भाजी घ्या. ‘मावशी, ही कच्ची चालते का? हिच्यासारखी दिसणारी कुठली वाईट आहे?’ असं विचारा. कोवळी फोडशी गवतासारखीच दिसते, म्हणून मुळासकट जुडी मागा आणि निवडताना नीट न्याहाळा. पुढे बोरिवलीच्या नॅशनल पार्कात तीच झाडं उभी शोधा, पण नुसती बघा. तिथलं पानही तोडायला कायद्याने मनाई आहे.