आर10 की फिनाले मॅच? एअर रायफलचे पेलेट कसे पारखायचे

नवी मुंबईत दहा मीटर एअर रायफल शिकवतो. मूल स्पर्धेला उतरायच्या बेतात आलं की पालकांचा दुकानातूनच फोन येतो, "सर, आर10 घेऊ की फिनाले मॅच?" ही पेलेटची, म्हणजे शिशाच्या छोट्या गोळ्यांची, नावं. दोन्ही जर्मन, दोन्हींत 0.53 ग्रॅमचे रायफल पेलेट मिळतात, दोन्ही उत्तम. मी फोनवर काहीच ठरवून देत नाही. एकाच कंपनीचा 4.49 मिलिमीटर व्यासाच्या डोक्याचा (पुढच्या टोकाचा) पेलेट एका नळीला मानवतो, तर शेजारच्या पोराच्या नळीला 4.50 चा. लॉट, म्हणजे कारखान्यात एकदम बनलेली खेप, बदलला की तोच पेलेट वेगळा वागू शकतो. म्हणून वेगवेगळ्या मापांची आणि लॉटची एकेक डबी आणा, झाकणावरचा लॉट नंबर वहीत उतरवा आणि मग पारखा.

पारखताना मुलाच्या हाताचा संबंध नको. रायफल व्हाइसमध्ये (पकडून ठेवणाऱ्या शिकंज्यात) घट्ट बसवा, पण नळी चिमटू नका. रायफलचा दाबलेल्या हवेचा सिलिंडर पुरेसा भरलेला असावा. पेलेट बदलला की आधीच्या शिशाचा थर नळीत असतो, म्हणून पहिले दहा-पंधरा शॉट मोजायचे नाहीत. मग दहा शॉटचा ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या दहा शॉटच्या भोकांचा पुंजका, प्रत्येक डबीचे निदान तीन, आणि तेही आलटून पालटून. पाच शॉटचा ग्रुप नशिबानेही सुंदर येतो, त्यावर पैसे लावू नका. सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडा व्हर्नियरने मोजा आणि त्यातून एका पेलेटची रुंदी, 4.5 मिलिमीटर, वजा करा.

व्हाइसमधून एखादा शॉट बाहेर गेला तर "हा चुकून गेला" म्हणून खोडायचा नाही. चुकायला तिथे हात नव्हताच. असे शॉट ज्या डबीतून वारंवार येतात, ती मी बाजूला ठेवतो, बाकीचा ग्रुप कितीही देखणा असो.

एवढी उठाठेव कशाला, तर हिशोब बघा. दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. पेलेटचं केंद्र मध्यापासून अडीच मिलिमीटरवर गेलं की 10.0 गुण, आणि आत येताना दर पाव मिलिमीटरला 0.1 वाढतो. प्रत्येक शॉटला तेवढाच फरक पडला, तरी 60 शॉटमध्ये 6 गुण होतात. पात्रता फेरीत एवढ्यावर नंबर कुठल्या कुठे जातो.

वजनकाट्यावर एकेक पेलेट तोलत बसायची शिकाऊ मुलांना गरज नाही. मागची कड दबलेले मात्र डोळ्यांनी निवडून काढा, ते सरावालाही नकोत.

जो लॉट जुळला त्याच्या हंगामभर पुरतील इतक्या डब्या एकदम घ्या, पुढच्या महिन्यात तो मिळेलच असं नाही. आपल्याकडच्या पावसात डबी उघडी राहिली तर शिशावर पांढरी भुकटी धरते. घट्ट झाकण आणि सिलिका जेलची पुडी पुरे. आणि रेंजवरून निघून थेट वडापाव हातात घेऊ देऊ नका. बोटांना शिसं लागलेलं असतं. आधी साबणाने हात, मग खाणं, यात मी कुणालाच सूट देत नाही.