जुन्या संगीत नटाच्या आठवणी रेकॉर्ड करताय? आधी पेटी काढा

माझ्या आईचे मामा संगीत नाटकातले. साठच्या दशकात साथीला ऑर्गनवर बसायला लागले आणि मग हळूहळू पदं असलेली कामंही करायला लागले, आता ८४ पूर्ण आहेत. गेल्या वर्षभरात मी त्यांचं बोलणं-गाणं रेकॉर्ड केलं, त्यातून जे कळलं ते इथे लिहितेय, कारण असं एखादं माणूस तुमच्याही घरात किंवा गल्लीत असेल आणि ही कामं पुढच्या दिवाळीत करू म्हणून ठेवायची नसतात.

पहिल्या दिवशी मी वहीत प्रश्न लिहून गेले होते. आयुष्याने काय शिकवलं, संगीत म्हणजे तुमच्यासाठी काय, देव मानता का. मामाआजोबांनी तिन्हीची उत्तरं सत्कारात देतात तशी दिली, रंगदेवतेची कृपा, मायबाप रसिक, दहा मिनिटांत सगळं संपलं. म्हणून सांगते, असे मोठे प्रश्न विचारूच नका. पेटी म्हणजे हार्मोनियम समोर ठेवा आणि विचारा, तुमची पट्टी कुठली, म्हणजे कुठल्या सुराला सा धरून गाता? ते म्हणाले, तरुणपणी पांढरी चार, आता काळी एक, म्हणजे बरीच खालची. मी विचारलं, उतरवली कधी? थोडा वेळ ते गप्प बसले, मग म्हणाले, एका प्रयोगाआधी ऑर्गनवाल्याच्या कानात सांगितलं, आज अर्धा स्वर खाली घे, कोणाला बोलू नकोस. त्या रात्री घरी जेवले नाहीत. म्हातारपणाबद्दल यापेक्षा खरं मी कोणाकडून ऐकलेलं नाही.

आता रेकॉर्डिंगचं. फोन चालतो, पण एअरप्लेन मोडवर टाका आणि पेटीवर ठेवू नका, भात्याची धडधड आणि पट्ट्यांचा खटखटाट येतो, दोन-तीन फुटांवर स्टुलावर घडी केलेला टॉवेल घालून ठेवा. पंखा बंद. नॉइज रिडक्शन असेल तर तेही बंद करा कारण तानपुऱ्यासारखा एकसारखा चालणारा सूर त्याला आवाजातला कचरा वाटतो आणि ते तोच खाऊन टाकतं. सकाळचा चहा झाल्यावर बसा, पाऊण तास पुरे. फाइलला लगेच तारीख द्या, दोन ठिकाणी कॉपी ठेवा, व्हॉट्सअपवर पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

सालांसाठी अडून बसू नका. कुठल्या मुक्कामी, कोण साथीला, नाइट (एका प्रयोगाचे पैसे) किती मिळायची असं विचारलं की साल आपोआप जवळ येतं. मामाआजोबा म्हणाले, वडिलांनी संयुक्त मानापमान, म्हणजे बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन मोठ्या गायक नटांनी मिळून केलेलं मानापमान नाटक, पंचवीस साली पाहिलं. तो प्रयोग टिळक स्वराज्य फंडासाठी झाला ८ जुलै १९२१ ला आणि केशवराव भोसले त्याच ऑक्टोबरात गेले, म्हणजे पंचवीस शक्यच नाही. मी तेव्हा टोकलं नाही, नंतर वहीत टीप लिहिली. मध्येच दुरुस्त केलं की माणूस परीक्षेला बसल्यासारखा बोलायला लागतो.

श्रद्धेचा विषय निघाला तो बालगंधर्वांवरून. १९११ मध्ये मानापमानच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांची मुलगी गेली आणि तरी ते उभे राहिले, ही गोष्ट प्रत्येक जुना नट सांगतो, अगदी हात जोडून सांगतो. ती पूर्ण ऐकून घ्या आणि मग हळूच विचारा, तुमच्यावर अशी वेळ आली होती? मामाआजोबांची आई गेली त्या रात्री एका जत्रेत प्रयोग होता, सुपारी घेतलेली, माणसं बैलगाड्या जोडून आलेली. ते गायले. पद चांगलं झालं आणि वन्समोअर आला, तर म्हणाले, "तेव्हा मला लोकांचा राग आला गं. आयुष्यात पहिल्यांदा. पुन्हा म्हटलं मी, पण त्यांच्याकडे पाठ करून." हे त्यांनी साठ वर्षांत घरात कोणाला सांगितलं नव्हतं. अशा वेळी पुढचा प्रश्न विचारू नका, नुसतं बसा, रेकॉर्डर चालू राहू दे.

देव मानता का हे मी परत कधीच विचारलं नाही, पडदा उघडायच्या आधी काय काय करायचात एवढंच विचारलं. चपला विंगेबाहेर, नारळ, रंगमंचाला हात लावून नमस्कार, तिसरी घंटा, मग ऑर्गनचा सा आणि नांदी. हे सांगता सांगता आपणहून म्हणाले की मामीआजी गेल्यावर दोन वर्षं देवघरात दिवा लावला नव्हता, भांडण होतं माझं त्याच्याशी, पण पेटी उघडताना बोटं कपाळाला जायचीच, ती थांबवता आली नाहीत. बोलताना त्यांचा हात खरंच पेटीवरून कपाळाकडे गेला, म्हणून एखादी बैठक व्हिडिओवर पण घ्या, असं आवाजात पकडता येत नाही.

आणि कोणालाही पाठवायच्या आधी त्यांना ऐकवा. घरातलं काही काढून टाका म्हणाले तर वाद न घालता काढायचं, आठवण त्यांची आहे. मी इअरफोन लावून दिले तर आईचा प्रसंग त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकला, असू दे म्हणाले. मग पद लागलं आणि कपाळाला आठी पडली, "अंतऱ्यात निषाद (नी) कमी लागलाय, परत घे." पेटी परत काढली, पंखा बंद केला.