फॉस्फो-अँटिबॉडीने वेस्टर्न ब्लॉट: पट्टी खरी यावी म्हणून

वेस्टर्न ब्लॉटमध्ये प्रथिने जेलमध्ये वेगळी करून पडद्यावर उतरवतात आणि अँटिबॉडीने ओळखतात; फॉस्फो-अँटिबॉडी फॉस्फेट जोडलेलेच प्रथिन ओळखते. तिची पट्टी, म्हणजे फॉस्फो-पट्टी, आली नाही की दोष अँटिबॉडीला दिला जातो. बहुतेक वेळा फॉस्फेट त्याआधीच, पेशी फोडताना, गेलेला असतो. पेशी फुटताच फॉस्फेटेज, म्हणजे फॉस्फेट काढून टाकणारी विकरे, मोकळी होतात. म्हणून सगळे काम बर्फावर, आणि लायसिस बफरमध्ये (पेशी फोडण्याच्या द्रावणात) ऐनवेळी १० मिलिमोलर सोडियम फ्लोराइड व १ मिलिमोलर सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट घाला. हे दोन्ही इनहिबिटर फॉस्फेटेजना रोखतात: फ्लोराइड सेरीन-थ्रिओनीन या अमिनो आम्लांवरचे फॉस्फेट राखते, व्हॅनाडेट टायरोसीनचे.

व्हॅनाडेट आधी सक्रिय करावे लागते. २०० मिलिमोलर द्रावणाचा पीएच १० करा, पिवळा रंग जाईपर्यंत उकळा, गार करून पीएच पुन्हा जुळवा. पीएच १० ला रंगहीन राहीपर्यंत हेच करत राहा. ईडीटीए (धातू बांधून ठेवणारे रसायन) आणि डीटीटी (क्षपणकारक) त्याला निकामी करतात, हे सहज विसरले जाते.

ब्लॉकिंगसाठी, म्हणजे पडद्याच्या मोकळ्या जागा झाकण्यासाठी, टीबीएस-ट्वीनमध्ये (डिटर्जंट घातलेले क्षारयुक्त बफर) ५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तद्रवातले अल्ब्युमिन), एक तास. दूध पावडर टाळलेली बरी: त्यातले केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन असल्याने पार्श्वभूमी काळवंडू शकते. प्राथमिक अँटिबॉडी (इथे फॉस्फो-अँटिबॉडी) १:१००० पासून सुरू करा, रात्रभर ४ अंशांवर.

पट्टी दिसली म्हणून ती फॉस्फेटचीच, असे धरू नका. इनहिबिटर आणि ईडीटीए न घातलेल्या लायसेटचा (फोडलेल्या पेशींच्या द्रावणाचा) एक भाग मँगनीजसह लॅम्डा फॉस्फेटेजमध्ये ३० अंशांवर अर्धा तास ठेवून जेलच्या शेजारच्या लेनमध्ये (रांगेत) चालवा. तिथेही पट्टी तशीच राहिली, तर अँटिबॉडी फॉस्फेट ओळखतच नाही. एकूण प्रथिनाचा ब्लॉटही हवाच. फॉस्फो-पट्टी वाढली, पण प्रथिनच वाढलेले असेल तर निष्कर्ष चुकतो.