हलक्या ब्लॉकवर लाकडी सिल बसवताना या चुका टाळा

जुने माळवद उतरवून त्या जागी नवे घर बांधताना तुळयांचे सागवान वाया जाऊ नये, असे मराठवाड्यातील अनेक कुटुंबांना वाटते, आणि मग त्याच लाकडाची फळी काढून, रंधा मारून ती नव्या खिडकीच्या सिलवर, म्हणजे चौकटीखालच्या कठड्यावर, बसवली जाते. हा विचार अगदी योग्य आहे, कारण कित्येक वर्षे छपराखाली मुरलेले लाकूड बाजारातल्या ताज्या कापाच्या फळीइतके हलत नाही. अडचण येते ती लाकडाची नव्हे, भिंतीची. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंतीत फळीची टोके भिंतीच्या ओझ्याखालीच दाबून बसवलेली असत, त्यामुळे तिला धरून ठेवण्यासाठी वेगळे काही लागत नसे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात अशा जड भिंतींनी काय केले हे ज्यांनी पाहिले, त्यांना हलक्या भिंतीचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. मात्र हलक्या भिंतीत वस्तू पकडून ठेवण्याची रीत पूर्णपणे वेगळी आहे, आणि ती समजून न घेतल्यानेच बहुतेक चुका होतात.

अशी हलकी भिंत एएसी (ऑटोक्लेव्ह्ड एरेटेड काँक्रीट) ब्लॉकची असते. हा ब्लॉक तयार होताना ॲल्युमिनियमच्या भुकटीमुळे मिश्रणात हायड्रोजन वायू सुटतो, त्याचे असंख्य बारीक बुडबुडे तयार होतात आणि नंतर दाबाखालच्या वाफेत ब्लॉक पक्का केला जातो. त्याची घनता साधारण ५५० ते ६५० किलो प्रति घनमीटर असते, म्हणजे ६०० × २०० × २०० मिलिमीटरचा कोरडा ब्लॉक १३ ते १६ किलो भरतो आणि पाण्यात टाकल्यास तरंगतो. त्याची दाब सोसण्याची ताकद ३ ते ४.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच्या आसपास असते. सर्व पृष्ठभागावर सारखा पसरलेला भार हा ब्लॉक उत्तम पेलतो, पण एकाच बिंदूवर जोर आला की त्या जागच्या बुडबुड्यांच्या भिंती चुरतात आणि तेथे नुसती पूड उरते.

म्हणूनच पहिली आणि सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे काँक्रीटसाठी असलेला लोखंडी अँकर फास्टनर येथे वापरणे. हा फास्टनर नट आवळताना टोकाशी फुगतो आणि भोकाच्या भिंतीला रेटून पकड घेतो. काँक्रीट तो रेटा परतवते. एएसी ब्लॉक दबून जातो. लातूरला आमच्या घरी मागच्या खोलीच्या खिडकीत हेच घडले. मिस्त्री म्हणाले, “मालक, अजून एक पीळ देतो, म्हणजे घट्ट होईल,” आणि त्या शेवटच्या पिळाला पान्याखालचा जोर अचानक नाहीसा झाला. फास्टनर हाताने बाहेर आला, तेव्हा त्याच्या पाकळ्यांत पिठासारखी पांढुरकी पूड भरलेली होती आणि आठ मिलिमीटरच्या भोकाचे तोंड अंगठा जाईल एवढे झाले होते.

याऐवजी हलक्या ब्लॉकसाठी बनवलेली लांब नायलॉनची गिट्टी, म्हणजे भोकात बसून स्क्रू पकडणारा प्लग, घ्यावी, जी टोकाशी न फुगता बऱ्याच लांबीवर हळूहळू पसरते, त्यामुळे दाब वाटला जातो. पाकिटावर एएसी किंवा हलक्या ब्लॉकचा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय ती विकत घेऊ नये. भार जास्त असेल, म्हणजे रुंद सिलवर कोणी बसणार असेल, तर केमिकल अँकर, म्हणजे भोकात चिकट रेझिन भरून त्यात रोवलेला बोल्ट, अधिक भरवशाचा, कारण त्याचा रेझिन भोकाच्या खडबडीत कडांत शिरून घट्ट होतो आणि ब्लॉकवर कोणताही रेटा देत नाही. त्यासाठी भोक ब्रशने घासून आणि फुंकून निर्धूळ करणे अत्यावश्यक आहे. धुळीवर चिकटलेला रेझिन धुळीसकट निघतो. मे महिन्यात चाळीस अंशांच्या वर पारा असताना हा रेझिन काही मिनिटांतच घट्ट होऊ लागतो, म्हणून हे काम सकाळी लवकर करावे आणि एका वेळी एक-दोन भोकेच भरावीत.

लांबीचा हिशोब बहुतेक जण चुकवतात. फळी २५ मिलिमीटर आणि खालचा मसाल्याचा थर १० मिलिमीटर असेल, तर पहिल्या ३५ मिलिमीटरमध्ये पकड काहीच मिळत नाही. १२० मिलिमीटरची गिट्टी घेतल्यास ८५ मिलिमीटर ब्लॉकमध्ये जाते, आणि तेवढे हवेच. सिलच्या पुढे आलेल्या कडेवर कोणी भार दिला की फळीची मागची बाजू उचलली जाऊ पाहते, म्हणजे येथे स्क्रूवर खरा ताण वर उपसण्याचा असतो. नुसत्या मसाल्यात बसलेला स्क्रू असा ताण एक पावसाळाही सोसत नाही.

भोक पाडताना ड्रिल मशीनचा हॅमर बंद ठेवावा. ठोक्यांनी भोक मोठे आणि वेडेवाकडे होते, हा ब्लॉक तर साध्या फिरण्यानेच सहज कापला जातो. आठ इंची भिंतीत भोके मधल्या रेषेवर घ्यावीत, म्हणजे दोन्ही कडांपासून चार-चार इंच अंतर राहते. ब्लॉकच्या सांध्यातही भोक पाडू नये. बॅटरीच्या मशीनने स्क्रू शेवटपर्यंत पिळण्यापेक्षा अखेरचे दोन-तीन आटे हाताने आवळावेत, कारण गिट्टी फिरू लागल्याचे हाताला तत्काळ कळते.

जिप्समच्या कामाचे काळे स्क्रू येथे वापरू नयेत. ते ठिसूळ असतात, बाजूने ताण आला की मोडतात आणि खिडकीच्या ओलीत गंजतात. जस्ताचा थर दिलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्यावेत.

लाकडाच्या हालचालीचाही विचार करावा लागतो. वैशाखात सुकलेली फळी श्रावणात आडव्या अंगाने फुगते, आणि तिला वाव नसेल तर ती स्क्रूलाच रेटते. म्हणून स्क्रू दोन रांगांत असतील, तर फळीतले मागच्या रांगेचे भोक बेताचे आणि पुढचे आडवे, लांबट ठेवावे. एएसी ब्लॉक ओल शोषतो, त्यामुळे फळीखाली डांबरी पट्टी किंवा जाड प्लास्टिक अंथरावे. वाळवीचा उपद्रव असलेल्या घरांत फळीची खालची बाजू बसवण्यापूर्वीच औषध लावून घ्यावी.

बांधकाम अजून सुरू असेल, तर माझा आग्रह असा की खिडकीखाली तीन-चार इंचांचा सळई घातलेला काँक्रीटचा पट्टा ओतून घ्यावा. त्याने खिडकीच्या कोपऱ्यातून निघणाऱ्या तिरप्या भेगाही आटोक्यात राहतात. मात्र फास्टनर त्या पट्ट्यात पूर्ण बसेल अशी लांबी निवडावी; तो पट्टा ओलांडून खालच्या ब्लॉकमध्ये गेला, तर मूळ अडचण तशीच राहते.

गिट्टी आधीच सैल झाली असेल, तर त्यात काडी, सुतळी किंवा जाडा स्क्रू कोंबू नये. कोरड्या भोकात सिमेंट भरल्यास ब्लॉक त्यातले पाणी ओढून घेतो आणि आत भुरभुरीत गोळा उरतो. शक्य असेल तर जुन्या भोकापासून चार इंच बाजूला नवे भोक घ्यावे. जागा बदलता येत नसेल, तर भोक २५ मिलिमीटरपर्यंत मोठे करून साफ करावे, त्यात चांगल्या वाळलेल्या सागवानी गुल्लीला सगळीकडून इपॉक्सी (घट्ट धरणारा गोंद) लावून ती न ठोकता सरकवावी, वरचा इपॉक्सी पुसावा, आणि पूर्ण एक दिवस गेल्यावर त्या गुल्लीत आधी बारीक भोक पाडून मगच स्क्रू लावावा.