मातीची तपासणी आणि निरीक्षण विहिरी : मुंबईत या चुका टाळा

शिवडीच्या खाडीकाठी एका जुन्या गोदामाच्या आवारात आम्ही तीन निरीक्षण विहिरी, म्हणजे जमिनीखालचं पाणी दूषित झालंय का हे बघायला मारलेले बारीक बोअर, घेतल्या होत्या. पहिलीची पाणीपातळी सकाळी दहाला मोजली. मग जेवण झालं, मध्ये पावसाची सर आली, आणि तिसरीवर पोचेपर्यंत तीन वाजले. रात्री नकाशा काढला, तर डिझेलच्या टाकीकडचं पाणी खाडीकडे न जाता उलट वस्तीकडे वळलेलं दिसलं. टेप बरोबर होती आणि आकडेही बरोबर होते. फक्त मधल्या पाच तासांत समुद्र बदलला होता.

मुंबईत सर्वांत जास्त फसवते ती ही भरती-ओहोटी. दिवसातून दोनदा पाणी चढतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास चढ-उतार चार मीटरच्या वर जातो आणि काठाजवळच्या भरावातून तो विहिरीपर्यंत पोचतो, थोडा कमी होऊन आणि थोडा उशिरा. म्हणून सगळ्या विहिरींची पातळी अर्ध्या तासाच्या आत मोजा, दोन माणसं लागली तरी चालेल. प्रत्येक आकड्यापुढे वेळ आणि भरतीची स्थिती लिहा. खाडी जवळ असेल तर पातळी नोंदवणारं यंत्र तीन दिवस विहिरीत सोडून सरासरी काढा. प्रवाहाची दिशा त्या सरासरीवरून ठरवायची, एका दुपारच्या आकड्यांवरून नव्हे. मोजायचं ते केसिंगच्या, म्हणजे विहिरीत बसवलेल्या पाइपच्या, काठावरच्या एकाच खुणेपासून. ती खूण करवतीने कोरून ठेवा, मार्करची शाई पहिल्याच पावसात जाते.

दुसरी चूक विहीर बांधतानाच होते आणि नंतर दुरुस्त करता येत नाही. मे महिन्यात बोअर मारतात, तेव्हाच्या पातळीला जाळीचा पाइप (ज्याच्या फटींतून पाणी आत येतं) बसवतात आणि वर बेंटोनाइट, म्हणजे भिजलं की फुगून फट बुजवणारी माती, भरून मोकळे होतात. जुलैत पाणी जाळीच्या वर चढतं. पेट्रोल-डिझेल पाण्यावर तरंगतं, त्यामुळे तो थर जाळीच्या वरच्या मातीत राहतो आणि विहिरीतून स्वच्छ पाणी निघतं. जाळीचं वरचं टोक पावसाळ्यातल्या सर्वांत उंच पातळीच्याही वर हवं. ती पातळी कशी कळणार? आवारात जुनी विहीर असेल तर आत वाकून बघा. दगडांवरच्या शेवाळाच्या वरच्या कडेवरून पाणी कुठवर येतं त्याचा अंदाज येतो. तिथल्या जुन्या वॉचमनलाही विचारा, तो सहसा अचूक सांगतो.

बेंटोनाइटबद्दल एकच सांगतो. खारट पाण्यात ते हवं तेवढं फुगत नाही. थोडं थोडं टाका, गोड्या पाण्याने भिजवा आणि काही तास थांबून मगच वर सिमेंट ओता.

आता माती. पिशवीत अर्धी माती भरून, ढेकळं फोडून, वरच्या हवेत पीआयडीची (पेट्रोलसारख्या रसायनांची वाफ दिव्याच्या प्रकाशाने मोजणाऱ्या यंत्राची) नळी धरायची ही पद्धत चांगली आहे. पण एक पिशवी दोन मिनिटांत वाचायची आणि दुसरी उन्हात अर्धा तास ठेवून, असं केलं तर त्या आकड्यांची तुलना होत नाही. सगळ्यांना सारखा वेळ द्या, सावलीत. जुलैच्या दमट हवेत यंत्राचा आकडा हलतो. म्हणून सकाळी आयसोब्युटिलीन या ठरलेल्या वायूने यंत्र कॅलिब्रेट करून दुपारी पुन्हा तपासा आणि नुसत्या हवेच्या पिशवीचंही वाचन लिहा. देवनारसारख्या कचराभूमीजवळ तर खास लक्षात ठेवा : पीआयडीतल्या १०.६ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या दिव्याला मिथेन दिसतच नाही. तिथे शून्य आलं म्हणून कोणी बोअरजवळ विडी पेटवू नये. स्फोटक वायूचं मीटर वेगळं न्या.

धातूंच्या बाबतीत घाईघाईने निष्कर्ष काढलेले मी खूप पाहिलेत. आपला काळा दगड बेसाल्ट, त्यात तांबं, टायटॅनियम, व्हॅनेडियम मुळातच जास्त. शेजारच्या न हललेल्या मुरमाचा नमुना घेतला नाही, तर निसर्गाचं देणं कारखान्याच्या माथी बसतं. उलट ओल्या मातीवर एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू मोजणारं यंत्र) धरलं तर आकडा कमी येतो, म्हणून माती आधी वाळवा.

पाण्याच्या नमुन्यात हीच गफलत गाळामुळे होते. बेलर, म्हणजे पाणी काढायची दोरीची नळी, धप्पकन सोडला की चहासारखं पाणी वर येतं. त्यात नमुना टिकवायचं नायट्रिक आम्ल तसंच घातलं तर गाळातले धातूही विरघळतात आणि शिसं भलतंच वाढलेलं दिसतं. पंप मिनिटाला १०० ते ५०० मिलिलिटरवर हळू चालवा. पीएच ०.१ च्या आत आणि विद्युतवाहकता ३ टक्क्यांच्या आत सलग तीन वाचनांत स्थिरावली की मगच बाटली भरा. विरघळलेले धातू हवे असतील तर आधी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा आणि नंतर आम्ल घाला.

आणि जूनच्या आधी प्रत्येक विहिरीचं झाकण उघडून रबरी वायसर बघा. तो चिरला असेल तर गटाराचं पाणी केसिंगमध्ये उतरतं, आणि त्या पावसाळ्यातल्या नमुन्यांना काही अर्थ उरत नाही.